फणसाचा पाट

शेवंतीच्या माहेरचा फणस वादळात आडवा झाला, आणि तिच्या भावाने त्यातली एक फळी बसच्या टपावर टाकून थेट दहिसरला पाठवली. भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला काही भाच्याच्या लग्नाला येता येणार नव्हतं. माहेरचं म्हणून एवढी फळीच काय ती येणार. तिचाच पाट करायचा आणि मुलाला, सुयोगला, हळदीला त्यावर बसवायचं, हे शेवंतीने ठरवूनच टाकलं.

आता नवरा, दशरथ, पडला हौशी माणूस. फळीच्या मधोमध ही एवढी काळी गाठ, गाठीतून गेलेली चीर. व्याही मंडळी काय म्हणतील, या धास्तीने त्याने सुताराकडून पाट करून घेतला तो घेतलाच, वर चकचकीत सनमायकाही चिकटवून आणला. पांढऱ्यावर गुलाबी फुलं. हळदीच्या आदल्या दुपारी स्वारी पाट मिरवत घरात शिरली.

शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मुंबईचं बोलणारी बाई, पण चिडली की थेट मालवणीवर यायची.

"माझ्या म्हायेरचो फणस खंय गेलो?"

"अगं, आतच आहे. गाठ होती ना त्याला, चीर पण. चारचौघांत कसं दिसलं असतं?"

शेवंती पाटापाशी बसली. "ती गाठ म्हणजे फांदी होती. कौलांवर यायला लागली म्हणून बाबांनी तोडली, तर मी रुसून जेवले नव्हते. गाठ झाकली की ती कुठल्याही वखारीतली फळी. आमच्या दारातली कशावरून?" आणि तिला रडूच फुटलं.

दशरथाने इस्त्री तापवली. सनमायक्यावर फिरवून खालचा गोंद सैल करायचा, पत्र्याची पट्टी घालून उचकटायचं, पुन्हा इस्त्री. अंगठा भाजून घेतला बाबाने. शेवटी शेवंतीच उठली आणि पाटाचं दुसरं टोक धरून बसली. राग होताच, पण बघवेना तिला.

गाठ उघडी पडली. लाकडाच्या पिवळ्या रेषा तिच्यापाशी येऊन वळसा घालून पुढे गेल्या होत्या. दशरथाने चष्मा लावून नीट पाहिलं.

"बरी दिसते की गं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

हळदीला बायकांनी सुयोगला असं काही माखलं की पाटाची पार वाट लागली. लग्न उरकल्यावर शेवंती ब्रश घेऊन पाट घासायला बसली. बाकी सगळं निघालं, चिरेत गेलेली हळद काही निघेना. तिने केसातली पिन काढली, तोच दशरथाने तिचा हात धरला.

"तिथे कोरू नकोस. पोराची हळद आहे ती."