गालावरचे वांग

“ताई, आता तुम्हीच सांगा, हा हात आणि हा हात एकाच बाईचा वाटतो का?”

क्रीमवालीने ऑपरेटरबाईंचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. डाव्या मनगटावर तिने मघाशी क्रीम चोळलं होतं. तेवढीच बोटभर कातडी उजळ, ओलसर दिसत होती.

एरवी ऑपरेटरबाई दारावरच्या विक्रेत्यांना दारातूनच वाटेला लावत. पण ही पोरगी जड बॅग ओढत तीन जिने चढून आली होती, धापा टाकत तिने पाणी मागितलं होतं आणि मुख्य म्हणजे ‘मावशी’ न म्हणता ‘ताई’ म्हणाली होती. निम्मा सौदा तिथेच झाला होता.

“वांग जातात याने?” बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“जातात म्हणजे? कुठे होते ते आरशाला विचारावं लागेल!”

बाई हसल्या. एकोणतीस वर्षं त्या मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत बसत होत्या. खोलीला खिडकी नव्हती. कानाला हेडफोन, समोर बटणं आणि आवाज असा की घाबरून फोन करणारा माणूस निम्मा तिथेच सावरावा. कधी कधी एखादा बरा झालेला पेशंट कौतुकाने दारातून डोकावे, चेहरा बघे आणि “अच्छा, तुम्ही होय,” म्हणून काढता पाय घेई. तिशीतच दोन्ही गालांवर काळसर वांग पसरले होते. लोकांनी हसण्याआधी आपणच हसावं हे बाई केव्हाच शिकल्या होत्या. “देवाने पत्र सुरेख लिहिलं, पाकिटावर मात्र दौत सांडली,” असं त्या सांगत.

पण आता भाच्याचं लग्न होतं. वहिनी आजारी पडली तेव्हा चार वर्षांचा तो आत्याकडे आला आणि पंधराव्या वर्षी परत गेला. त्याचे दात पडले, गोवर निघाला, गणितात भोपळे मिळाले, ते सगळं याच दोन खोल्यांत. गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता ती म्हणाली, “वन्सं, राग मानू नका, पण चेहऱ्याचं काहीतरी बघा. मुलीकडची माणसं फार टापटिपीची आहेत. जन्मभराचे फोटो असतात हो.”

बाईंनी राग मानला नाही. क्रीमच्या दोन डब्या घेतल्या.

आठ दिवसांत फरक दिसू लागला. रुग्णालयाचा लिफ्टवाला म्हणाला, “बाई, रजेवर होता की काय? तरतरीत दिसताय.” बाईंनी लिफ्टच्या पत्र्यात स्वतःला पाहिलं आणि तीन मजले पाहतच राहिल्या. त्या दिवशी चुकीचा नंबर लावणाऱ्यांशीसुद्धा त्या गोड बोलल्या.

तिसऱ्या आठवड्यात आग सुरू झाली. आधी चुरचुर, मग लाली. एका सकाळी तोंडाला पाणी लावलं आणि बाई किंचाळल्या. गालांची सालं निघत होती.

कातडीच्या डॉक्टरांनी डबी हुंगली, उलटीपालटी केली. “यावर नाव नाही, गाव नाही. कुणी दिलं हे?”

“दारावर घेतलं.”

“अहो, दिवसातून दहा वेळा माझी लाइन जोडून देता. एकदा मला विचारायचं तरी!”

आपल्यासाठी लाइन जोडायची असते हे बाईंना कधी सुचलंच नव्हतं.

“तीन महिने तरी लागतील,” डॉक्टर म्हणाले. लग्न सहा दिवसांवर आलं होतं.

हॉलच्या दारातच वहिनीने कपाळाला हात लावला. “अगं बाई! हे काय करून घेतलंत?” मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. “या, या, आत या. वरच्या खोलीत दागिन्यांच्या बॅगा आहेत. तिथे आपलं विश्वासाचं माणूस हवंच होतं.”

विश्वासाचं माणूस पाच तास खुर्चीवर बसून राहिलं. खालून वाजंत्री, हशा, टाळ्या ऐकू येत होत्या. बाईंचा कान तयार. कुठली टाळी कशाला पडली असेल, ते त्या मनाशी जुळवत होत्या.

मध्येच दार उघडून भाचा घाईघाईने आत आला. त्याला दुसरा कोट हवा होता.

“आत्या! तू आलीयेस? आई म्हणाली, तुला बरं नाही, तू येणार नाहीस.”

“बरी आहे मी. छान दिसतोयस.”

तो आत्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बाहेरून कुणीतरी त्याला हाका मारत होतं. “थांब हं,” तो म्हणाला, “फोटोच्या वेळी मी स्वतः येतो न्यायला.”

बाईंनी केस सारखे केले. खुर्ची दारासमोर ओढून घेतली. तासाभराने दारावर टकटक झाली. झाकलेलं ताट आलं होतं.

महिन्याभराने क्रीमवाली पुन्हा आली. बाईंनी तिच्यासाठी शिव्या तयारच ठेवल्या होत्या. एकोणतीस वर्षं लोकांच्या शिव्या कानाने झेलल्या होत्या, साठा भरपूर होता.

“काय ताई, कसं वाटतंय—” क्रीमवालीचं वाक्य अर्धंच राहिलं. “उन्हात गेलात का?”

“खिडकी नसलेल्या खोलीत बसते मी.”

क्रीमवालीने बॅग खाली ठेवली, पुढे झाली आणि सोललेल्या गालावर अलगद तळवा टेकवला. “फार आग झाली असेल ना हो?”

कुणी दिलं, हे डॉक्टरांनी विचारलं होतं. काय करून घेतलंत, हे वहिनीने विचारलं होतं. आग झाली का, हे कुणीच विचारलं नव्हतं. बाईंनी तोंड उघडलं, पण शिवी आली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बॅगेची चेन सरकल्याचा आवाज आला.

“यावर एक नवीन आलंय, ताई,” क्रीमवाली हळूच म्हणाली. “थंडावा देतं. दाखवू?”

“दाखव,” बाई म्हणाल्या. “पण हा हात असू दे जरा.”