आतून न लागणारा दरवाजा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. पुण्यात स्वारगेटच्या मागच्या बाजूला मुलींचं एक बालगृह आहे. ज्या मुलींना आईवडील नाहीत, किंवा असूनही त्यांना सांभाळता येत नाही, अशा मुली तिथे सरकारच्या देखरेखीखाली राहतात. त्यांच्या बाथरूमला मला बसवलेलं आहे. मित्रांनो, दरवाजाला लाज वाटते असं तुम्ही कधी ऐकलं नसेल. मला वाटते. का, ते सांगतो.

माझे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी एका सुताराने मला घडवलं. मी तपासायच्या खोलीला होतो. आलेल्या बाईला डॉक्टर म्हणायच्या, "दार लावून घ्या आणि निवांत बसा." कडी लागल्याचा आवाज झाला की आतल्या बाईचे आखडलेले खांदे सैल व्हायचे. मला माझं काम तेव्हा कळलं. पुढे डॉक्टर थकल्या, ती इमारत पाडून तिथे फ्लॅट झाले आणि मी जुन्या लाकडाच्या वखारीत भिंतीला टेकून उभा राहिलो. बालगृहाची दुरुस्ती निघाली तेव्हा मला इथे आणलं. मुलींच्या घरात जायचं म्हणून मी खूश होतो.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी एक नवी आलेली मुलगी आतून कडी लावून रडत बसली. तिची आई भेटायला येणार होती, ती आली नव्हती. कितीही समजावलं तरी ती दार उघडेना. अधीक्षिका प्रेमलाबाई घाबरल्या. मुलीने जिवाचं काही बरंवाईट केलं तर, ही त्यांची भीती खोटी नव्हती. मुलगी शेवटी आपणहून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाईंनी माझी कडी उचकटून काढायला लावली. तिच्या जागी चार भोकं राहिली.

बाथरूममध्येच पाण्याच्या मोटरचं बटण होतं. इमारतीची वायरिंग करणाऱ्याला तीच जागा सोयीची वाटली होती. मोटर चालू करायचं काम नागोराव नावाच्या वयस्कर शिपायाचं. तो खोकत यायचा, मला ढकलून आत हात घालायचा, बटण दाबायचा आणि मान वळवून निघून जायचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आत अंघोळ करणाऱ्या मुलीने त्याचं मन कसं ओळखायचं?

मुलींनी आपली सोय आपणच केली. एकजण आत गेली की दुसरीने मला पाठ लावून बाहेर उभं राहायचं. लहान राधासाठी तनुजा उभी राहायची. तनुजा नववीत होती, राधा दुसरीत. आतून राधा सारखं विचारायची, "तनुताई, आहेस ना?" तनुजा म्हणायची, "आहे गं." माझं काम एका शाळकरी पोरीची पाठ करत होती, आणि मी नुसता उभा होतो.

तनुजाने एकदा धीर करून कडी मागितली.

"कशाला?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "इथे काय हॉटेल आहे का, खोल्यांना आतून कड्या लावायला?"

"नागोरावकाका येतात, मॅडम."

"तो तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे. भलतंच काही मनात आणू नकोस."

तनुजा मागे फिरली. आपणच काहीतरी घाण बोललो, असं तिचं तोंड झालं होतं. तिने पुन्हा मागितली नाही.

तपासणीला साहेब लोक यायचे, पण आधी कळवून यायचे. त्या दिवशी फरशी घासली जायची, मुलींच्या वेण्या घातल्या जायच्या. व्हरांड्यात मुलींना रांगेत उभं करून साहेब विचारायचे, "जेवण वेळेवर मिळतं ना? काही त्रास?" शेजारी प्रेमलाबाई उभ्या असायच्या. सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "नाही सर." एकदा तनुजाचा हात थोडा वर गेला होता. मग तिने त्याच हाताने केस सारखे केले. साहेब माझ्यासमोरून गेले, चहा घेतला आणि गाडीत बसले. मला कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

एके सकाळी तनुजा चाचणी परीक्षेसाठी लवकर शाळेत गेली. बाहेर उभं राहायला कुणी नव्हतं. राधा आत एकटी होती, डोळ्यांत साबण, वर नळाचा आवाज. नागोरावचं खोकणं तिला ऐकू गेलं नाही. मी उघडलो तशी ती दचकून किंचाळली, मागे सरली आणि घसरून नळावर आपटली. हनुवटी फाटली. नागोराव बाहेर पळाला आणि बायकांना हाका मारत सुटला.

दवाखान्यात टाके घातले. प्रेमलाबाईंनी सगळ्या मुलींना बसवून सांगितलं, "राधाचा पाय घसरला. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. घसरलाच ना पाय?"

त्यानंतर राधा अंघोळीला येईना. ओढून आणलं तर माझ्या चौकटीला धरून बसायची. शाळेत पोरी तिच्याशेजारी बसेनात, वास येतो म्हणायच्या. तनुजा रोज ओल्या फडक्याने तिचे हातपाय पुसायची आणि मी पाहत राहायचो.

मग एक दिवस शेफाली नावाच्या नव्या बाल संरक्षण अधिकारी आल्या. त्या न कळवताच आल्या. त्यांनी राधाचे टाके पाहिले, मेणचट केस पाहिले. काय झालं, असं त्यांनी तिघी-चौघींना वेगवेगळं विचारलं. प्रत्येकीने तेच सांगितलं, त्याच शब्दांत, "पाय घसरला." शेफालींनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "मला जरा बाथरूमला जायचंय."

"ऑफिसच्या मागे आमची आहे, तिकडे या," प्रेमलाबाई लगबगीने म्हणाल्या.

"मुलींची चालेल मला."

त्या आत आल्या, मला लोटलं आणि सवयीने हात कडीकडे नेला. तिथे भोकं होती. त्यांची बोटं त्या भोकांवर थांबली. बाहेर तनुजा होती. ती म्हणाली, "तुम्ही जा, मॅडम. मी उभी आहे."

"तू का उभी राहतेस?"

"आम्ही सगळ्याच राहतो."

"बाळा, कुणामुळे?"

तनुजाने पाठ माझ्यावर टेकवली. कुणाचं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, ती बोलू लागली. कडी, मोटर, राधाची किंचाळी, पाय घसरला असं सांगायची ताकीद, सगळं तिने हळू आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी कडी मागितली होती. आमच्या मॅडम म्हणाल्या, मीच भलतं मनात आणते." शेफाली आतल्या बाजूने मला टेकून ऐकत होत्या. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मला उघडलं नाही.

बाहेर येऊन त्या तनुजासमोर उभ्या राहिल्या. "तू भलतं काही मनात आणलं नाहीस," त्या म्हणाल्या. "आमचीच माणसं इथे येऊन गेली आणि त्यांनी पाहिलं नाही. मान आम्ही खाली घालायची, तू नाही."

वायरमन त्याच दिवशी आला आणि बटण बाहेर गेलं. मला नवी कडी बसली. ती आतून लागते, आणि अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. इतकी साधी कडी दुकानात आधीपासून मिळत होती. मुलीला काही होईल या भीतीवरचा तोडगा कुणी शोधलाच नव्हता. चौकशी झाली, प्रेमलाबाईंच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. तपासणीचे लोक आता न कळवता येतात आणि मुलींशी एकेकीशी, कर्मचाऱ्यांना बाहेर बसवून बोलतात. जाताना प्रेमलाबाई माझ्यासमोर थांबल्या, नव्या कडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी त्यांच्या भल्यासाठीच काढली होती." ऐकायला तिथे कुणी नव्हतं. नागोराव मात्र अजून मुलींच्या नजरेला नजर देत नाही.

मित्रांनो, ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी मोठमोठ्या योजना कराव्यात. पण त्यांच्यातल्या एखादीने लहानशी वस्तू मागितली, तर ती कशाला हवी, हे रागावून नव्हे, तिच्याजवळ बसून विचारा. आणि तिने सांगितलेलं पहिल्याच वेळी खरं माना. उशीर झाला की काय होतं, ते मी रोज पाहतो.

राधा आता अंघोळीला येते. कडी लावते, ओढून पाहते, पुन्हा लावते. आणि तरीही आतून विचारते, "तनुताई, आहेस ना?"

तनुजा अजून बाहेर उभी असते.