शेवटचे तीन बाक

दोरीची दुसरी गाठ मारून त्याने ती ओढून पाहिली. प्रार्थनागृहातले शेवटचे तीन बाक आता निळ्या नायलॉनच्या दोरीआड गेले होते. एका बाजूची दोरी जरा खाली आली होती. त्याने गाठ सोडली आणि बोटभर वर बांधली.

"काटेसाहेब, देवाला तेवढं बोटभर चाललं असतं," मागून बिशप म्हणाले.

तो प्रयोगशाळेत वजनकाटे तपासून त्यांना दाखले द्यायचा, म्हणून अख्खी मंडळी त्याला काटेसाहेब म्हणे. बिशप स्वतः दंतवैद्य होते. मॉर्मन मंडळीत पगारी पाद्री नसतो. सहा दिवस दात काढणारा माणूस रविवारी मंडळी सांभाळतो. तो त्यांच्या दोन सल्लागारांपैकी दुसरा. आपली उपासना अळणी झाली आहे, काय करता येईल ते बघा, असं बिशपनी त्याला तीन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.

त्याने ते नोकरीतल्या कामासारखंच अंगावर घेतलं. प्रवचनं मंडळीतलीच माणसं आळीपाळीने करत. कुणी चार मिनिटांत आटपायचं, कुणाच्या कोटाची बाही पंचविसाव्या मिनिटाला मागून ओढावी लागायची. त्याने विषय तीन आठवडे आधी द्यायला सुरुवात केली. भजनांची रेंगाळलेली लय वाढवून घेतली. मग आवाज मोजायचं यंत्र आणून सभागृहात जागोजागी ठेवलं आणि आकडे बिशपसमोर मांडले. सगळी कुजबुज, पिशव्यांची सळसळ, पोरांची रडारड शेवटच्या तीन बाकांवर होती. उपाय सरळ होता. ते बाक बंद करायचे आणि सगळ्यांना पुढे बोलवायचं.

त्या रविवारी माणसं दोरीपाशी येऊन घुटमळली, मग पुढे सरकली. दाराजवळच्या बाकावर वर्षानुवर्षं बसणारे मामा तेवढे पुढे आले नाहीत. मामा म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. आपण रिव्हर्समध्येच बरे, असं म्हणत त्यांनी बाहेरच्या बोळात खुर्ची टाकली.

त्याची बायको तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन चौथ्या रांगेत येऊन बसली. लेक झाल्यापासून ती मागेच बसायची. तो व्यासपीठावर बिशपच्या शेजारी. तिथून ती आज पहिल्यांदा नीट दिसत होती.

यंत्रावरचा आकडा बाराने उतरला. त्याने तो टिपून घेतला, आणि तेवढ्यात पावाच्या तुकड्यांच्या ताटल्या फिरू लागल्या. ख्रिस्ताच्या आठवणीसाठी आधी पाव, मग इवल्या पेल्यांतून पाणी. प्रत्येकाने एक घ्यायचं आणि ताटली शेजाऱ्याच्या हाती द्यायची. ज्याला वाटतं, सध्या आपण हे घेण्याजोगे नाही, तो न घेता ताटली पुढे देतो. त्याला कुणी कारण विचारायचं नसतं. ज्याचं त्याने ठरवायचं, नाहीतर बिशपशी एकट्याने बोलायचं. हा नियम त्याने स्वतः नव्या माणसांना शिकवला होता.

ताटली बायकोकडे आली. तिने एक तुकडा मुलीच्या तोंडात दिला. ताटली क्षणभर मांडीवर धरली आणि शेजारच्या बाईंकडे दिली.

पाण्याच्या वेळीही तेच झालं.

मुलीच्या गडबडीत राहून गेलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. दुसऱ्या रविवारी नोंदी दोन झाल्या. तिसऱ्या रविवारी ताटली हातात असताना तिने मान वर केली, सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि ताटली पुढे दिली. समोर वही उघडी होती. त्या दिवशी त्याने आकडा लिहिलाच नाही.

त्यानंतर घरातलं सगळं त्याला भिववू लागलं. तिचा फोन टेबलावर पालथा असायचा. तो आधीही तसाच असायचा की नाही, हे त्याला काही केल्या आठवेना. त्यांचं लग्न मॉर्मन मंदिरात लागलं होतं, मरणाच्या पलीकडेही टिकेल अशा वचनाने. या कराराला शेवटची तारीखच नाही, असं तो मित्रांना हसत सांगायचा. आता तो मनातल्या मनात कारणांची यादी करायचा. तिची श्रद्धा उडाली असेल. कुणीतरी असेल. की आपल्याच हातून काही घडलंय, आणि ते आपल्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे? प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा वाईट निघायची. आणि हे केव्हापासून चाललंय? दोरीच्या आधीची एकही नोंद त्याच्याकडे नव्हती. तीन वर्षं ती मागे बसली होती.

बुधवारी संध्याकाळी ती भांडी विसळत होती आणि तो पुसत होता. एकच पेला तो दुसऱ्यांदा पुसायला लागला, तेव्हा ती नळाकडे बघतच म्हणाली,

"काही विचारायचंय का तुला?"

"नाही गं."

तिने नळ बंद केला, तरी थेंब पडतच राहिले.

"हा नीट बंद होत नाहीये," ती म्हणाली.

"बघतो उद्या."

तिने हात पुसले आणि मुलीला झोपवायला गेली. तो तिथेच उभा राहून थेंब मोजत राहिला. मिनिटाला बावीस. आपण विचारलं नाही ते नियमामुळे की भीतीने, हे त्याला ठरवता येईना.

शनिवारी तो बिशपच्या दवाखान्यात गेला. शेवटचा पेशंट गाल धरून निघून गेला होता, बिशप हत्यारं उकळायला ठेवत होते. त्याने आधी दोरीचा विषय काढला. माणसं अवघडताहेत, दोरी काढावी म्हणतो. बिशपनी नुसती मान हलवली. मग इकडचं तिकडचं बोलून त्याने विचारलं, की मागच्या बाकांवरचं कुणी, एखादी बाई वगैरे, अलीकडे त्यांच्याकडे काही बोलायला आली होती का.

बिशपनी चिमटा खाली ठेवला.

"ज्याचा दात दुखतो तो आपणहून येतो," ते म्हणाले. "आला होता की नाही, हे मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. आणि रस्त्यात कुणाचं तोंडही उघडून बघत नाही."

त्याचे कान तापले. खुर्चीवर पेशंट होऊन बसल्यासारखं वाटलं. निघताना त्याने विचारलं, उद्या व्यासपीठावर न बसता खाली बसलं तर चालेल का. खुर्ची रिकामी दिसेल, असं बिशप म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, दिसू दे.

रविवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. त्याने स्वतः मारलेल्या गाठी इतक्या आवळल्या होत्या, की दात लावावे लागले. दोरीची गुंडाळी खिशात घालत असताना मामा दारात येऊन उभे राहिले.

"मोकळा केला का रस्ता?"

"केला, मामा."

मामा आपल्या जागेवर बसले आणि बाकावरून तळहात फिरवला.

"मागच्या बाकावर माणूस का बसतो माहितीये? आवाज करायला नव्हे. तिथे पाठीमागे कुणी नसतं म्हणून."

त्याच्या सगळ्या आकडेवारीत हा रकाना नव्हता.

बायको आली ती गेल्या काही रविवारांसारखी चौथ्या रांगेकडे निघाली. मग दोरी नसल्याचं तिच्या लक्षात आलं. व्यासपीठावरची खुर्चीही रिकामी होती. तिने वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर, मामांपासून दोन माणसांची जागा सोडून, तो बसला होता. ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा उतरला, आणि त्याच्या ध्यानात आलं की तीही घाबरली आहे. मग ती आली आणि मामांच्या नि त्याच्या मध्ये बसली. मुलीने चढून त्याची मांडी पकडली.

पुढे भजन झालं, प्रार्थना झाली. ताटल्या फिरू लागल्या. त्यांची ताटली दाराकडून येणार होती, आधी मामा, मग ती, मग तो. ताटली अजून दोन रांगा पुढे होती, तेव्हा त्याने डोळे मिटले.

मिटल्यावर सगळं मोठं ऐकू आलं. मुलीच्या बुटाची टकटक. कुणाची तरी पिशवी. मामांचा जड श्वास. धातूवर बांगडी घासल्याचा बारीक आवाज. म्हणजे ताटली तिच्याकडे आली होती. मग काहीच ऐकू आलं नाही. किती सेकंद, ते त्याने मोजले नाहीत. पापण्या उघडू पाहत होत्या. त्याने त्या घट्ट दाबून धरल्या.

ताटलीची गार कड त्याच्या बोटांना लागली. ती थरथरत होती. आपलाच हात थरथरतोय का, हे त्याने सवयीने तपासून पाहिलं. त्याचा हात स्थिर होता.

तिने ताटली सोडली नव्हती. त्याने दुसरा हात पुढे केला, चाचपडत तिच्या बोटांखाली ताटलीला आधार दिला, आणि ती स्थिर होईपर्यंत तशीच धरून ठेवली.