लेकीचं पुस्तक

“हे ऐका, हे ऐका! ‘ते घरी आलं की सगळं घर श्वास रोखून धरायचं.’ काय लिहिते कारटी! अंगावर काटा आला की नाही?”

नवऱ्याने पुस्तक मांडीवर आपटलं. समोर बसलेल्या शेजाऱ्याने मान डोलावली. “पोरीनं नाव काढलं हो तुमचं.”

“काढणारच. शिस्त कुणाची होती?”

ती पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. लेकीने भुताची कादंबरी लिहिली होती आणि आठवड्यापूर्वी तिची एक प्रत पार्सलने घरी आली होती. रोज संध्याकाळी घरात शिरणारं एक सावट आणि त्याच्या तावडीतून सुटणारी एक लहान मुलगी, अशी गोष्ट. नवऱ्याने ती दोन दिवसांत वाचली आणि आणखी पाच प्रती आणून ओळखीपाळखीत वाटल्या. त्या सावटात त्याला स्वतःचं नखसुद्धा दिसलं नव्हतं. उलट वाचताना तो मनापासून घाबरला होता.

तिने मात्र पुस्तक घरात उघडलं नाही. बावीस वर्षं ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी निवडत होती. जेवणाच्या सुट्टीत घड्यांच्या थप्पीमागे बसून ती रोज थोडी पानं वाचायची.

“तोंड बघ कसं उतरलंय,” इस्त्रीवाली मावशी म्हणाली. “अगं, पुस्तकातलं भूत ते. पुस्तक मिटलं की गेलं.”

“हो ना,” ती म्हणाली.

एकेक गोष्ट जशीच्या तशी उतरली होती. बूट काढल्याच्या आवाजावरून संध्याकाळ कशी जाणार ते ओळखणं. भिंतीवर फुटलेलं ताट. शेजाऱ्यांनी मुद्दाम मोठा केलेला रेडिओ. रक्ताचा डाग गार पाण्यातच धुवायचा असतो, हेसुद्धा त्या मुलीला ठाऊक होतं. आणि पांघरुणांचं कपाट. सावट पिसाळलं की मुलगी त्यात शिरायची आणि दार आपोआप बंद व्हायचं.

ते वाक्य तिने चारदा वाचलं. मग तोवर वाचलेली सगळी पानं पुन्हा चाळली. पुस्तकात आजी होती, मांजर होतं, पेपर टाकणारा होता. आई कुठेच नव्हती.

धुलाईखान्यामागच्या पायरीवर जाऊन तिने लेकीला फोन लावला.

“वाचलंस?” लेकीचा आवाज एकदम बारीक झाला.

“कपाट आपोआप बंद होतं असं लिहिलंयस.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आपोआप नव्हतं गं होत. कडी बाहेरून होती. मी लावायचे.”

“माहितीये, आई.”

“मग?”

“आधी होतीस तू. संपादकबाई म्हणाल्या, ही आई काहीच करत नाही, नुसती उभी असते. हिला काहीतरी करू द्या, नाहीतर काढून टाका. सहा महिने घातले मी त्यात. तुला पोलिसांत पाठवून बघितलं. मामाकडे पाठवून बघितलं. पण तू कागदावरसुद्धा जाईनास गं. खोटंच वाटायचं. मग काढली.”

मामाकडे मी गेले होते, असं तिच्या ओठांवर आलं. लेक तेव्हा चार वर्षांची होती. भावाने दोघींना जेवू घातलं, ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणाला आणि दुपारच्या गाडीने स्वतः घरी आणून सोडलं. त्या दिवशी काय झालं, ते कपाटातून दिसलं नसेल. तिने ते शब्द गिळले.

“ती सुटते ना शेवटी? मी अजून तिथवर पोचले नाही.”

“सुटते.”

“एकटीच?”

“एकटीच.” लेक रडत असावी. “आई, तू ये ना इकडे. आहेस तशी नीघ.”

“बघते,” ती म्हणाली. लेक घर सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं ती हेच म्हणत आली होती.

संध्याकाळी नवरा कोट चढवून आरशासमोर उभा होता. रविवारी वाचनालयात लेखिकेचे वडील म्हणून त्याचा सत्कार होता. कोटाचं बटण लोंबत होतं.

“हे लाव. अंगावरच लाव, आता काढत बसत नाही.”

अलीकडे त्याचा हात उठत नसे. उठायची गरजच उरली नव्हती.

तिने सुई ओवली. तिच्या डोक्यावरून तो भाषणाची तयारी करू लागला. “मुलांना घरात धाक हवा. धाक नसेल तर... ए, जपून. टोचशील.”

“नाही टोचत.”

टाके घालून झाले. कात्री पलीकडे टेबलावर होती. तो भाषणाच्या भरात होता. मध्येच ‘जरा थांबा’ म्हणणं तिला जमलं नाही. तिने मान वाकवली, त्याच्या छातीशी तोंड नेलं आणि दाताने दोरा तोडला.