बिनचिरेची बायपास

"बघा! नीट डोळे उघडून बघा! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

स्पर्शगुरूंनी माइकवर असं म्हणताच मंचावरच्या गृहस्थांनी शर्टाची सगळी बटणं वरपासून खालपर्यंत उघडली आणि सभागृहातून एकच 'आहा' निघाला. छाती स्वच्छ होती. गळ्याच्या खळगीपासून पोटापर्यंत साधा ओरखडासुद्धा नव्हता. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

"ह्यांच्या हृदयाची नळी बंद होती. ही आधीची फिल्म, ही नंतरची!" पडद्यावर दोन चित्रं उमटली. पहिल्यात एक काळी रेघ मध्येच तुटली होती. दुसऱ्यात कुठून तरी वरून एक नवी रेघ येऊन तुटलेल्या जागेच्या पुढे जोडली गेली होती. "रक्त वळसा घालून वाहतंय. बायपास झाली की नाही?"

"झाली!"

"चीर पडली?"

"नाही!"

"करवत चालली?"

"नाही!"

"डॉक्टर रस्ता फोडतात, बाळांनो. मी रस्त्याला विनंती करतो."

टाळ्या थांबेनात. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. माझ्या एका बाजूला वहिनी डोळे पुसत होती, दुसऱ्या बाजूला दादा जबडा चोळत होता. दुखायला लागलं की तो जबडाच चोळतो, छाती नाही. आणि परवा त्याची बायपास ठरलेली होती.

ठरलेली होती म्हणायचं एवढंच. सकाळीच वहिनीनं हॉस्पिटलला फोन करून 'आम्ही कळवतो' सांगून टाकलं होतं.

मी स्वतः एका हृदयाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांना उठवणं, चालवणं, खोकायला लावणं, हेच माझं काम. पण घरचा वैद्य कुणाला लागू पडलाय! त्यातून दादा पडला सुतार. त्याच्या सर्जनबाईंनी छातीचं हाड मधोमध कापावं लागेल असं सांगितलं आणि त्यानं एकच प्रश्न विचारला होता, "कशानं?" करवतीनं, हे कळल्यावर तो सरळ उठलाच. घरी येऊन म्हणाला, "करवत काय करते ते मला नको सांगूस. कापलेली फळी पुन्हा एक होत नाही. सरस लाव, खिळे मार, फट ती फटच." तेव्हापासून त्याची पाचावर धारण बसली होती. बुडत्याला काडीचा आधार हवाच असतो, आणि इथे तर काडीवाल्यानं भाड्याने सभागृह घेतलं होतं.

मला अस्वस्थ करत होती ती दुसरीच गोष्ट. ती फिल्म खोटी नव्हती. असल्या फिल्मा मी रोज बघते. ती वरून आलेली रेघ म्हणजे छातीच्या आतल्या भिंतीवरची रक्तवाहिनी असते. ती सोडवून हृदयावर आणून शिवावी लागते. विनंती केल्यावर ती आपण होऊन चालत येत नाही. मग ती शिवली कुणी, आणि चीर गेली कुठे? फिल्म खरी आहे, एवढंच मी दादाला सांगितलं, आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

"आता बोल की," तो म्हणाला. "नेहमी तर जीभ चालते तुझी."

"थांब जरा."

"थांबून काय करू? तू म्हणतेस फिल्म खरी. छाती तर समोर दिसतेय."

तेवढ्यात मंचावरचे गृहस्थ खोकले. ते चष्मेवाले होते, बाजारात त्यांचं दुकान होतं, असं गुरूंनी आधीच कौतुकानं सांगितलं होतं. खोकताना त्यांचा डावा कोपर पटकन बरगडीला चिकटला आणि उजवा तळवा डाव्या छातीखाली गेला, दाबून बसला. खोकला संपल्यावर दोन्ही हात पुन्हा खाली आले.

मी ताठ बसले. असं कुणी जन्मजात खोकत नाही. टाक्यांना धक्का बसू नये म्हणून असं खोकायला आम्ही शिकवतो.

"ज्यांची कापाकापीची तारीख ठरली आहे त्यांनी वर यावं," गुरू म्हणाले. वहिनीनं दादाला ढकललंच. मी त्याचा दंड धरून बरोबर चढले. गुरूंनी दादाच्या छातीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि जबडा चोळणाऱ्या माणसाला शंभर टक्के बरं केल्याचं जाहीर केलं. आता गोळ्यांचीही गरज नाही, म्हणाले. त्याची फिल्म बघायची तसदीही त्यांनी घेतली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चष्मेवाले माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. मी त्यांच्याकडे वळले आणि वॉर्डात वापरते त्याच आवाजात म्हणाले, "काका, श्वास आत. दोन्ही हात वर. कानाला लावा. आणखी वर."

बिचाऱ्यांनी लावले. या आवाजाला माणूस आधी हात वर करतो आणि मग विचार करतो. उजवा हात झरकन गेला, डावा रेंगाळत. उघड्या शर्टाच्या दोन्ही बाजू फाकल्या, आणि डाव्या स्तनाखाली, बरगडीच्या रेषेत, बोटभर लांबीची आडवी गुलाबी खूण सगळ्यांना दिसली. टाक्यांचे ठिपकेसुद्धा.

पुढच्या रांगेतली माणसं माना पुढे काढून बघायला लागली.

"तिथून," गुरूंनी माइक तोंडाला लावला, "रोग बाहेर पडला!"

खोटं नाही सांगत, अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

"आणि जाताना टाके घालून गेला का?" मी विचारलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. चष्मेवाल्यांनी हात खाली घेतले आणि घाईघाईनं बटणं लावायला लागले, ती चुकीच्या काजांत जात होती.

"काका," मी हळू म्हणाले, "ह्या माझ्या भावाचं ऑपरेशन परवा आहे. तुमची छाती बघून तो ते टाळतोय."

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाचा हात पुन्हा जबड्याकडे गेला होता.

"बरगड्यांमधून केलंय माझं," ते म्हणाले. माइक जवळच होता, शब्द सगळीकडे ऐकू गेले. "सर्जननी केलं. मधे कापावं लागलं नाही. घरी आल्यावर फार भीती वाटायची, झोप येईना. इथे आलो. ह्यांनी छातीवर हात ठेवला, त्या रात्री झोप लागली. मला वाटलं, माणूस चांगला आहे. ते म्हणाले, तुमच्या मधे चीर नाही ना, मग मधलंच दाखवा. तुम्ही काही बोलू नका, नुसती बटणं उघडा. मी तोंडानं खोटं बोललो नाही हो."

"तोंडाचं काम गुरूंनी केलं," मी म्हणाले.

यानंतर माइक बंद पडला. त्या हॉलमधली ऊर्जा कुठे गेली कोण जाणे.

एवढीच ती करामत. बायपास म्हणजे छातीच्या मधोमध लांबलचक खूण, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून सगळे मधे बघतात. मधे काही दिसलं नाही की ऑपरेशनच झालं नाही असं मानून मोकळे होतात. चोरी शर्टाच्या डाव्या बाजूखाली झाकलेली होती, आणि झाकण आपल्याच डोळ्यांवर होतं.

मला वाटलं, सुटलो. पण सभागृहाच्या पायऱ्यांवरच दादा थांबला. त्याचे डोळे चमकत होते.

"मग मलाही बाजूनंच करू देत. बोटभर चीर. करवत नकोच."

मी कपाळाला हात लावला. एक भूत उतरलं आणि दुसरं मानगुटीवर बसलं!

"दादा, ते तू ठरवायचं नाही. मीही नाही. उद्या सर्जनबाईंना विचारू."

"त्या हो म्हणतील?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

सर्जनबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. गुरूंचंही. हसल्या नाहीत. फिल्म उजेडासमोर धरून म्हणाल्या, "त्या गृहस्थांची समोरची एकच नळी बंद असणार. ती बरगड्यांमधून हाताला लागते. तुमच्या तीन बंद आहेत, त्यातली एक हृदयाच्या पाठीमागे. काही जणांच्या तशा नळ्याही लहान चिरेतून जोडता येतात, पण तुमच्या नळ्या बारीक आहेत, मला मोकळी जागा लागेल. अडचणीत शिवून टाके कच्चे राहिले तर त्या छोट्या चिरेचं काय लोणचं घालायचंय? चीर किती लांब ते कुणी नंतर विचारत नाही. जोडलेली नळी वर्षानुवर्षं उघडी राहिली का, ते बघायचं."

दादानं फिल्म हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाला, "शंभर टक्के बरा होईन?"

"नाही," बाई म्हणाल्या. वहिनीनं दचकून माझा हात धरला. "तुमच्यासारख्या शंभर जणांत एखाददुसरा दगावतो. कुणाची जखम चिघळते, कुणाला झटका येतो. बाकीचे घरी जातात, कामाला लागतात. आणि काहीच केलं नाही, तर ह्यापेक्षा पुष्कळ जास्त जण जातात. मला जे माहीत आहे ते हे एवढं आहे."

"आणि हाड? फट राहते?"

"तारेनं आवळून बांधते. स्टीलची. दोन-तीन महिन्यांत जुळून येतं."

"फळी नाही जुळत."

"फळी मेलेली असते," मी म्हणाले. "हाड जिवंत असतं, दादा. स्वतःच सांधतं. तार नुसती धरून ठेवते."

त्याला ते पटलं की नाही, मला कळेना. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मग म्हणाला, "काल एकानं मला शंभर टक्के सांगितलं. त्यानं माझ्या फिल्मकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही बघितलीत आणि वर मरायची शक्यताही सांगितलीत." त्यानं वहिनीकडे पाहिलं. "तारीख तीच ठेवायला सांग."

ऑपरेशन चालू असताना मी हॉस्पिटलच्या गॅलरीत नुसती येरझारा घालत होते. सगळं माहीत असलेल्या माणसाची भीती कमी असते असं म्हणतात. साफ खोटं आहे. त्या एखाददुसऱ्याचा चेहरा मला सारखा दादासारखा दिसत होता. संध्याकाळी बाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढून 'छान झालं' म्हणाल्या, आणि वहिनी आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दादा उशी छातीशी धरून खोकायला शिकतोय तोवर बातमी आली, की स्पर्शगुरूंनी दुसऱ्या वस्तीत सभा लावलीय आणि सांगताहेत, 'त्या सुताराच्या छातीवर मी हात ठेवला, म्हणून तो वाचला!'

दादानं ती बातमी फक्त लक्षात ठेवली. हाड जुळल्याचं बाईंनी सांगितल्यावर एके दिवशी सकाळी त्यानं चष्मेवाल्यांना त्यांच्या दुकानात फोन केला. दोघं मिळून गुरूंच्या तिथल्या पुढच्या सभेला गेले. मीही गेले, कारण दादाला जड काही उचलू द्यायचं नव्हतं आणि गुरू अंगानं भरदार होते.

'कोणाला अनुभव सांगायचाय?' असं विचारताच दोघं वर चढले. दोघांनी बटणं उघडली. मग थांबले नाहीत. बाह्यांतून हात काढले, शर्ट खुर्चीवर ठेवले, आणि सावकाश गोल फिरले. एकाच्या बरगडीवर बोटभर रेघ, दुसऱ्याच्या छातीवर वरपासून खालपर्यंत लांब पट्टा.

"ही करवतीनं पडली," दादा म्हणाला. "ही ह्यांची सुरीनं. दोन्ही माणसांनी पाडल्या आणि माणसांनीच शिवल्या. त्या शिवणाऱ्या बाईंनी मला आधी सांगितलं होतं, की मी मरूही शकतो. ह्या गुरूंनी तुम्हाला कधी काय चुकू शकतं ते सांगितलंय का? विचारा की!"

कुणी विचारलं, कुणी उठून गेलं, काही जण अजूनही गुरूंकडेच बघत होते. सगळे एका दिवसात शहाणे होत नाहीत.

म्हणून मी तुमच्याकडे एवढंच मागते. कुणी तुमच्यासमोर चमत्कार म्हणून छाती उघडून दाखवली, तर टाळी वाजवायला उचललेले हात जरा थांबवा. आधी विचारा, कुणाला झालं, कसं झालं, किती जणांना नाही झालं. आणि मग त्यांना पूर्ण शर्ट काढायला सांगा.