बदाराच्या वाटणीचा भात

पहिल्यांदा काट्यावर उभी राहिली तेव्हा कीने जोपने चपला काढल्या, कानातले काढले, डोक्याचा रुमालसुद्धा सोडून बाजूला ठेवला. तरी काटा जाऊन थांबला तो त्र्याण्णववर. डकारच्या त्या इस्पितळात वजन घेणाऱ्या आणि काय खायचं ते सांगणाऱ्या बाई न्जाय आडनावाच्या होत्या, आणि न्जायाच्या तावडीत जोप सापडला की त्याची धडगत नाही. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. न्जायांनी जोपांना खादाड म्हणायचं, जोपांनी न्जायांना त्याहून खादाड म्हणायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. न्जायबाई वहीत आकडा लिहिता लिहिता म्हणाल्या की जोपांच्या घरी भात शिजला की आळीतली मांजरं उपाशी मरतात. कीनेनेही लगेच सुनावलं की न्जायांच्या आळीत मांजरच उरत नाही. बाहेर बाकावर बसलेले पेशंटसुद्धा हसले.

हसणं आटपल्यावर डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र अगदी सरळ होतं. धाकट्या भावाला, बदाराला, किडनी द्यायची तर कीनेचं वजन ब्याऐंशीवर यायला हवं, आणि तेही बकरी ईदच्या आत. रक्त जुळत होतं, बाकीचंही सगळं जुळत होतं, आड येत होते ते अकरा किलो. डॉक्टर म्हणत होते की घरी जाऊन नीट विचार करा, घाई नाही. कीनेने त्यांना पुढं बोलूच दिलं नाही, हो म्हणून मोकळी झाली. बदारा एकतीस वर्षांचा. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. मनगट इतकं बारीक झालेलं की घड्याळ घसरत कोपरापर्यंत जायचं. आपल्या पाठच्या भावासाठी अकरा किलो म्हणजे काय मोठंसं?

आणि त्याच दिवसापासून तिला भूक लागायला लागली.

आधी ती चिमणीसारखी जेवायची अशातला भाग नाही. चांगली खात्यापित्या घरची बाई ती. पण ही भूक काही वेगळीच होती. सकाळी पाव-कॉफी झाली की तासाभरात पोटात कावळे ओरडायला लागायचे. डकारजवळच्या रुफिस्कच्या बाजारात तिचं वेण्या घालायचं दुकान होतं. एका डोक्याला चार-पाच तास सहज लागतात. अर्ध्या डोक्यावर आली की गिऱ्हाइकाला तसंच बसवून ती आत जायची आणि खोट्या केसांच्या पुडक्यांमागे ठेवलेली बिस्किटं काढायची. चार खाईन म्हणायची आणि पुडाच संपायचा. मग वाटायचं, ही खरंच भूक आहे का नुसतीच खा खा सुटलीय? न्जायबाईंनी सांगितलं होतं की भूक लागली की पेलाभर पाणी प्यायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. तिने तेही करून पाहिलं. वीस मिनिटांनी भूक तशीच असायची, वर लघवीला जावं लागायचं.

बरं, बारीक व्हायचंय म्हणून सांगायची सोय नाही. गिऱ्हाइकं विचारायची, नवऱ्याने दुसरी आणली का गं? एकीने तर रडत रडत तिला मिठीच मारली. नवरा इटलीत. त्याने फोनवर बजावलं की मी येईन तेव्हा मला बायको आहे तेवढीच्या तेवढी हवी. किडनी द्यायला त्याची हरकत नव्हती, कंबर द्यायला होती.

न्जायबाईंनी एक कागद दिला होता. त्यावर एका ताटाचं चित्र होतं, अर्ध्यात भाज्या, पाव भागात भात, पाव भागात मासा. आता असं ताट रुफिस्कच्या कुठल्या घरात असतं? दुपारी चटई पसरायची, मधे भाताची परात ठेवायची आणि सगळ्यांनी गोल बसायचं. आई सोखना, कीने, तिच्या दोन मुली, बदारा, आणि नेमका जेवणाच्या वेळेला टपकलेला कुणीतरी. ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलंच खायचं. मासा, गाजर, कोबी, कसाव्याचा कंद, वांगं सगळं परातीच्या मधोमध. आईने ते बोटांनी मोडायचं आणि एकेकाच्या पुढ्यात सारायचं. कुणाला किती ते आईच्या बोटांनी ठरवायचं, आणि पुढ्यात आलेला तुकडा मागे ढकलणं म्हणजे आईचा हात झिडकारणं. त्या कागदावरची पाव-अर्ध्याची वाटणी परातीत बसवायची कशी, हे काही केल्या कीनेला कळेना.

बदाराला त्यातलं काहीच चालत नव्हतं. मीठ नाही, टोमॅटो नाही, सुकट तर नावाला नाही. त्याच्यासाठी वाडग्यात पांढराफटक भात असायचा. पण आईला बरं वाटावं म्हणून तो परातीशीच येऊन बसायचा, वाडगा मांडीवर घेऊन. आईचा हात तीस वर्षांच्या सवयीने त्याच्या पुढ्यात मासा सारायचा. मग तिला आठवायचं, हात क्षणभर तिथंच थांबायचा, आणि तोच मासा शेजारी कीनेच्या पुढ्यात जायचा. मागोमाग त्याच्या बाजूचा भातही. रोज. अन्न टाकून तर देता येत नाही. बदाराच्या वाटणीचं खाताना कीनेला दर वेळी वाटायचं की हे बरोबर नाही, आणि असं वाटेपर्यंत ते संपलेलं असायचं.

तिने काय काय केलं नाही? घास मोजायला लागली. बाराच्या वर नाही म्हणजे नाही. आठवडाभरात घास बाराच राहिले, पण एकेक घास दोघांना पुरेल एवढा झाला. मग बाजारातून एक ताट आणलं आणि आपला भात वेगळा वाढून घेतला. चार दिवस निभावलं. आई बोलेनाशी झाली. पाचव्या दिवशी थिएसहून मावशी आली, हातात कोंबडी घेऊन. कीनेने चूल वेगळी केली असं तिच्या कानावर गेलं होतं आणि ती मायलेकींचा समेट करायला धावत आली होती. कीनेने घसा फोडून सांगितलं की भांडण नाही, वजन आहे. मावशी म्हणाली, सगळी भांडणं अशीच कशावरून तरी सुरू होतात. कोंबडी शिजली, समेट झाला, आणि सगळ्यात मोठी तंगडी कीनेच्या पुढ्यात आली.

रमजान आला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. आता देवानेच सोय केली, महिनाभर दिवसा पाण्याचा थेंबही नाही. ती मुलींना म्हणाली, बघाच तुम्ही. पण सूर्य बुडाला की खजूर, दुधाची कॉफी, लोणी लावलेला हातभर पाव. मग नमाज, मग भात, आणि पहाटे दिवसभराची बेगमी म्हणून बाजरीची लापशी. दिवसभर काही खाल्लेलं नाही, तेव्हा हे चालायचंच, असं ती स्वतःला सांगत राहिली. ईदनंतर काट्यावर उभी राहिली तर शहाण्णव.

न्जायबाईंनी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला.

“जोप, तू काही देणार नाहीस,” त्या म्हणाल्या. “तुम्हा लोकांना घ्यायचं तेवढं कळतं. पुढल्या खेपेला काटा इथंच असला ना, तर तुझं नाव मीच खोडायला लावणार बघ.”

कीने हसली. न्जायांना नावं वाचता कधीपासून यायला लागली, असं काहीसं ती म्हणाली आणि बाईंच्या टेबलावरचे शेंगदाणे उचलून तोंडात टाकले. कुठल्याही जोपने हेच केलं असतं. न्जायाचं बोलणं जोप मनावर घेत नाही, घेतलं तर लोक हसतात. घरी येऊन तिने हा किस्सा नक्कल करून सांगितला. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बदाराही हसला, जरा उशिराने.

पण नंतरचे ते दोन महिने तिचे तिलाच समजेनात. सकाळी निश्चय करायची, दुपारी तोंडघशी पडायची, संध्याकाळी स्वतःला शिव्या घालायची. बदाराला डायलिसिसहून आणायला जायची तेव्हा त्याचं राखेसारखं तोंड बघून तिला भडभडून यायचं, आणि तिथून बाहेर पडल्यावर पहिलं काय, तर कोपऱ्यावरची गरम भजी. रडत रडत खायची. आपण इतक्या हलकट कधी झालो, असं तिला वाटायचं. भावावर माया आहे की नाही? आहे. मग हात का ऐकत नाही? डॉक्टरांनी कापणार कुठून ते बोटाने दाखवलं होतं, बरगड्यांच्या खाली डावीकडे. आंघोळ करताना तिथं साबण लावायचा राहून जायचा, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. पण त्याचा भुकेशी काय संबंध, म्हणून तिने ते सोडून दिलं.

बकरी ईदला दहा दिवस उरले असताना तिसरी खेप झाली. काटा पंच्याण्णव. आणि रक्तात साखर निघाली, थोडीथोडकी नाही. डॉक्टर वाईट वागले नाहीत. साखर असलेल्या माणसाची किडनी काढत नसतात, म्हणाले, आता तुम्हालाच जपायला हवं. काओलाकला राहणाऱ्या तुमच्या चुलतभावाला तपासायला बोलावू, तोवर डायलिसिस चालू ठेवू. मग त्यांनी फाइल मिटली.

कीने सरळ न्जायबाईंच्या खोलीत गेली.

“बाई, तुम्ही तर चेष्टा करत होतात.”

“चेष्टाच करत होते,” बाई म्हणाल्या. “पण खरं तेच सांगत होते. न्जायाने जोपला दुसरं कसं सांगायचं, कीनेताई?”

पाच महिन्यांत बाईंनी तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. जोप म्हटलं नाही, मांजरं नाहीत, काही नाही. आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलतात तसं बोलल्या. तेव्हा कुठं कीनेला कळलं की सगळं संपलं.

ती रुफिस्कला पोहोचली तेव्हा अडीच वाजले होते. आई आणि बदारा वाट बघत थांबले होते, मुली शाळेत. तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बदारा म्हणाला, बरं. आई आत गेली आणि परात घेऊन आली. बसली, मासा मोडला, आणि पहिला तुकडा, पोटाकडचा, सगळ्यात मोठा, कीनेच्या पुढ्यात सारला. या वेळी हात बदाराकडे वळलासुद्धा नाही. कीनेने मान वर करून पाहिलं. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. किती महिन्यांनी ती अशी दिसत होती.

“आई, तू मुद्दाम करत होतीस?”

आईने बोटं भातात तशीच ठेवली.

“मला नाही गं माहीत. एक लेकरू यंत्राला बांधलेलं, त्यात दुसऱ्यालाही कापायचं म्हणतात. हात तुझ्याकडे जायचा. का जातो ते मी त्याला कधी विचारलं नाही.”

कीनेच्या मस्तकात तिडीक उठली. आता आईवर तुटून पडावं, सगळं तिच्या पदरात घालावं आणि मोकळं व्हावं. सोपं होतं ते. पण आई नुसतं सारत होती, उचलून खात कोण होतं? कोपऱ्यावर भजी खायला आई आली होती? शब्द ओठांवर आले आणि तिथंच राहिले, कारण त्याच वेळी तिला दुसरंच काही जाणवलं.

तिला भूक नव्हती.

रक्त तपासायला द्यायचं म्हणून सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. समोर गरम भात, माशाचा वास, कडेला खरवड. आणि पोट गप्प. तिने आठवून पाहिलं. येताना बसमध्ये भूक नव्हती. इस्पितळाच्या फाटकापाशी पावाची गाडी होती, तिकडे तिचं लक्षही गेलं नव्हतं. न्जायबाईंच्या खोलीतही नव्हती. डॉक्टरांनी फाइल मिटली तेव्हा पोटातून काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं, ते दुःखच असणार असं तिने धरलं होतं. दुःख असं असतं का? इतकं हलकं? मग पाच महिने पोटात ओरडत होती ती भूक होती की भीती? आणि भीती होती, तर पहिल्या दिवशी डॉक्टरांना बोलू न देता हो म्हणाली ती कोण होती?

बदारा तिच्याकडे बघत होता. वाडगा मांडीवर, चमचा तसाच हातात. तो लहानपणापासून असा होता, माणसाच्या तोंडाकडे बघून त्याला सगळं कळायचं. हेही कळेल, आत्ता, याच क्षणी.

“खा गं ताई,” तो म्हणाला. “माझ्यासाठी आता कशाला उपाशी राहतेस? जोप ती जोपच.”

तो हसला. कीनेही हसली आणि तिने परातीत हात घातला. नेहमीसारखा मोठा घास घेतला, तेल निथळेपर्यंत दाबला आणि तोंडात कोंबला. भात तोंडात फिरत राहिला, गिळवेना. तिने तो गिळला, मग मासा उचलला, मग पुन्हा भात. आईने आणखी सारलं, तिने तेही खाल्लं. बदाराची नजर तिच्यावर होती तोवर ती थांबली नाही. आपली बहीण खादाड आहे, एवढंच त्याला वाटायला हवं होतं.