रूपरावांचं पान

भागीरथाबाई ठोंबरे आर्वीच्या तहसील कचेरीच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायच्या. बावीस वर्षं झाली होती. उत्पन्नाचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं, कोणाच्या शेताच्या धुऱ्याचं भांडण, कोणाची अडलेली पेन्शन. लोक सांगत आणि त्या टाइप करत. दुसऱ्याचं गाऱ्हाणं नीट शब्दांत बसवणं हा त्यांचा धंदाच होता. स्वतःचं गाऱ्हाणं मात्र त्यांनी गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांना सांगितलं होतं, की आता सांगताना त्यांचा आवाजही हलत नसे.

त्यांचे यजमान रूपराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तेव्हा शुगर वाढलेली, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू. डेपोतल्या जुन्या सोबत्यांबरोबर ते २००७च्या जानेवारीत कारंज्याच्या पुढे, चैतन्यबिंदू परिवाराच्या आश्रमात नऊ दिवसांच्या शिबिराला गेले. तिथे फाटकाशीच सगळ्यांची औषधं जमा करून घेत. देव आणि विष एका शरीरात राहत नाहीत, असं परिवाराचे स्वामी सांगत. सहाव्या दिवशी रूपरावांना उलट्या सुरू झाल्या, तेव्हा सेवकांनी शरीराची शुद्धी सुरू झाली म्हणून टाळ्या वाजवल्या. आठव्या दिवशी आश्रमाच्या जीपने त्यांना घराच्या ओट्यावर आणून ठेवलं आणि जीप निघून गेली. वर्ध्याला नेता नेता, खरांगण्याच्या थोडं पुढे, रूपराव गेले.

पोलिसांनी आजारपणाने मृत्यू असं लिहून घेतलं. परिवाराला भागीरथाबाईंनी सात पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा बसस्टँडजवळ सायबर कॅफे चालवणारा पियुष त्यांना म्हणाला, "वहिनी, तुम्ही कागदावर काऊन लिहून राह्यल्या? इथं इंटरनेटवर लिहा. इथं लिहिलेलं कोणालेही दिसते."

टायपिंगची सवय होतीच. दर रविवारी लोडशेडिंगची वेळ टाळून त्या पियुषकडे जाऊन बसू लागल्या. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, विशेषणं लावली नाहीत. शिबिराचा पहिला दिवस, दुसरा दिवस, असं आठव्या दिवसापर्यंत जे ठाऊक होतं ते लिहिलं. इंटरनेटवरचं ते पान लोकांना सापडत गेलं. तीन महिन्यांत साठेक उत्तरं आली. अमरावतीच्या कोणाच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, जळगावच्या एका मुलीच्या फिटांचं औषध, जामच्या एका भावाचा दमा. भागीरथाबाई प्रत्येकाला उत्तर देत. फार काही नसे त्यात. 'वाचलं. तुमच्या दुःखात आहे. तारीख आठवत असेल तर लिहून ठेवा,' एवढंच.

२००८च्या दिवाळीनंतर एका रविवारी पान उघडलंच नाही.

ज्या कंपनीच्या साइटवर पान होतं तिचं इंग्रजी पत्र पियुषने वाचून दाखवलं. स्वामींचा फोटो परिवाराच्या मालकीचा, तो परवानगीशिवाय लावला, म्हणून पान काढलं. भागीरथाबाईंनी फोटो काढला आणि सगळं नव्याने लावलं. मग परिवाराच्या नावावरून तक्रार झाली. नाव बदलून लावलं, तर एकाच दिवशी चाळीस तक्रारी गेल्या, सगळ्यांतली वाक्यं सारखी, चुकासुद्धा सारख्या. पान असे तेव्हा त्याखाली नवी उत्तरं येत: हिनेच पेन्शनसाठी नवऱ्याला मारलं, ही बाई वेडी आहे, हिचं घर कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. नागपूरच्या वकिलाची नोटीस आली, मागोमाग बदनामीचा खटला. आणि जानेवारीत धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी पियुषला रजिस्टर घेऊन बोलावलं आणि त्याचं एक कॉम्प्युटर मशीन तपासासाठी उचलून नेलं.

भागीरथाबाई गेल्या तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. पियुष आत स्टुलावर बसला होता.

"वहिनी, राग नका मानू. पण आता इथं नका येऊ," तो म्हणाला. "माहे वडील म्हणतात, धंदा करायचा का लढाई करायची."

"मी काय राग मानू, पियुष. तुह्यं मशीन माह्यापायी गेलं."

"तुमच्यापायी नाई गेलं," तो म्हणाला, पण त्यांच्याकडे न पाहता.

त्या परत आल्या. रात्रभर झोपल्या, म्हणजे आडव्या होत्या. सकाळी आपल्या टेबलाशी बसून त्यांनी टाइपरायटरमध्ये कागद चढवला. धरण्याच्या परवानगीचे अर्ज त्यांनी लोकांसाठी शेकड्याने टाइप केले होते. मजकूर बोटांना पाठ होता. फक्त अर्जदाराच्या जागी स्वतःचं नाव घालताना बोटं चुकली आणि कागद बदलावा लागला. मागण्या दोनच होत्या. पियुषचं मशीन परत करा. आणि परिवाराने आमचं लिहिणं पुसणं थांबवावं. खोटं असेल तर कोर्टात खोटं ठरवावं.

तहसीलच्या फाटकाबाहेर भिंतीला टेकून त्यांनी सतरंजी टाकली. पुठ्ठ्यावर लिहून घेतलं होतं: 'पुसू नका, उत्तर द्या.'

पहिल्या दिवशी त्या एकट्याच होत्या. लोक पुठ्ठा वाचत आणि पुढे जात. एकाने विचारलं, पाण्याच्या नळाचं आहे का. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा, स्वप्निलचा, फोन आला.

"आई, सोड ना आता. बाबा परत येणार आहेत का?"

"नाई येत."

"मग?"

खरं तर त्यांनाही सोडायचंच होतं. कंबर दुखत होती, दुपारचं ऊन थेट तोंडावर येत होतं. पण घरी जाऊन काय करायचं तेही सुचत नव्हतं. "जेवलास का?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

पाचव्या दिवशी दुपारी एक म्हातारा माणूस आवारातल्या टंकलेखकांकडे आला. पांढरा सदरा, गळ्यात परिवाराची पिवळी पट्टी. भागीरथाबाईंच्या शेजारचं टेबल तानबाचं. तानबाने त्याचा मजकूर ऐकला आणि हात पोटाशी धरला. "बुवा, आज हात लई दुखून राह्यला. दुसरीकडं पाहा." बाकी दोघांचे हातही तेव्हाच दुखायला लागले.

म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहिला. "इथं टाइप करणारं कोणी दुसरं आहे काय हो, बाई?"

"मी आहो," भागीरथाबाई म्हणाल्या. "काय लिहायचं?"

"तक्रार आहे ठाणेदारसाहेबाच्या नावानं. एक बाई धरण्याले बसली म्हणते, तिले उठवा म्हणून." त्याला वाचता येत नव्हतं. पुठ्ठ्यासमोर उभा राहूनच तो हे सांगत होता.

"चला. देतो लिहून."

तानबा डोळे फाडून पाहत राहिला. त्या आपल्या टेबलाशी बसल्या, कार्बन लावून कागद चढवला. म्हाताऱ्याचं नाव रामाजी. तो वरून सांगितलेलं आठवत आठवत बोलत होता आणि त्या ओळी नीट करत जात होत्या.

"सदर बाई पैशासाठी आमच्या गुरूची बदनामी करते..." रामाजी थांबला. "बाईचं नाव इथं चिठ्ठीवर आहे."

"चिठ्ठी राहू द्या. नाव मले येते." त्यांनी टाइप केलं आणि नेहमीच्या पद्धतीने मोठ्याने वाचून दाखवलं. "श्रीमती भागीरथा रूपराव ठोंबरे, राहणार आर्वी. बरोबर?"

"हो." मग तो जरा वेळाने म्हणाला, "रूपराव म्हणजे... थे कंडक्टर?"

"तेच. आणि भागीरथा म्हणजे मी."

रामाजी बाकड्यावर बसला. आवारात कोणी तरी कोणाला सातबाऱ्यासाठी हाका मारत होतं.

"मी होतो तिथं," तो शेवटी म्हणाला. "माही सेवा त्याच खोलीत होती. सातव्या दिवशी लई तहान लागली होती त्यांले. मी पाणी पाजलं."

भागीरथाबाईंचे हात की-बोर्डवरच राहिले. "काही बोलले काय?"

"सुई मागत होते," रामाजी म्हणाला. "माही सुई द्या म्हणे. माह्या बायकोले फोन लावा म्हणे. मी जाऊन सांगतलं वर. वरचे म्हणाले, मोह सुटत नाई अजून, राहू द्या."

दोन वर्षं भागीरथाबाईंना एक गोष्ट कोणालाही सांगता आली नव्हती, पानावरही लिहिता आली नव्हती. रूपरावांनी आपल्या मनानेच औषध सोडलं, स्वामींचं ऐकलं, घरच्यांचा विचारही केला नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. मेलेल्या माणसावर त्या रागावलेल्या होत्या.

त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "रामाजी, हे लिहून द्याल काय? मी टाइप करतो. तुम्ही फक्त अंगठा लावा."

"मी तिथंच राह्यतो, बाई. जेवण तिथलंच आहे. म्हातारपणी कोठं जाऊ?"

"बरं."

त्याने तक्रारीचा कागद मागितला. त्यांनी तो काढून दिला. त्याने त्याची घडी केली, खिशात घातली आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागला. तो कागद पोलिसांत कधी पोहोचला नाही, हे पुढे कळलं. रामाजीही पुन्हा दिसला नाही.

धरण्याचं ऐकून आठव्या दिवशी जामहून देवकाबाई आली. जाड चष्म्याची, पन्नाशीची बाई. दम्याने गेलेला भाऊ तिचाच. पान पुसलं जाण्याआधी तिने ते छापून ठेवलं होतं, खालच्या उत्तरांसकट. ती सतरंजीवर बसली आणि चष्मा सावरत मोठ्याने वाचू लागली. नीट वाचता येत नव्हतं तिला, अडखळत होती. फाटकाशी चार माणसं थांबली, मग दहा. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे आले, एक तर थेट जळगावहून. तानबा दुपारी टेबल सोडून येऊन बसला. एका स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी आली, तीही आतल्या पानावर.

अकराव्या दिवशी ठाणेदारांनी पियुषला बोलावून मशीन परत दिलं. कारण काही सांगितलं नाही. दुसरी मागणी मान्य करणं कोणाच्याच हातात नव्हतं, म्हणून भागीरथाबाईंनी सतरंजी गुंडाळली.

त्या रविवारी पियुषने स्वतः त्यांना बोलावून नेलं. पान सहाव्यांदा लावलं. सातव्या दिवसाखाली त्यांनी रामाजीचं नाव न घेता तीन ओळी वाढवल्या. लिहून झाल्यावर त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. रूपरावांवरचा राग शोधला तर सापडेना, आणि त्याच्या जागी आलेलं जास्त जड होतं.

परिवाराने पान आणखी दोनदा काढलं. पण आता छापलेल्या प्रती जामला होत्या, जळगावला होत्या, आणि कोणी ना कोणी ते परत लावत होतं. नागपूरच्या खटल्याला भागीरथाबाई पावणेतीन वर्षं गेल्या. सकाळची पहिली एसटी, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर, पुढची तारीख, संध्याकाळची एसटी. शेवटच्या चार तारखांना परिवाराकडून कोणी आलंच नाही. न्यायाधीशांनी तक्रारदार गैरहजर म्हणून खटला निकाली काढला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"म्हणजे आपण जिंकलो?" बाहेर देवकाबाईने विचारलं.

"सुटलो," भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खोटं ठरलं नव्हतं, आणि खरंही ठरलं नव्हतं. खरं ठरावं म्हणून त्या इतक्या वेळा आल्या होत्या. "चाल, बस पकडू. मले लई थकल्यासारखं झालं आहे."

रविवारी त्या पियुषकडे गेल्या. पानावर एक नवं उत्तर आलं होतं, यवतमाळच्या कोणा गुंजनचं. तिचे वडील पुढच्या आठवड्यात शिबिराला निघाले होते, हृदयाच्या गोळ्या चालू होत्या, आणि ते कोणाचं ऐकत नव्हते. काय करू, असं तिने विचारलं होतं.

भागीरथाबाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि लिहायला सुरुवात केली.